व्हिसाची वैद्यकीय तपासणी आणि मनाचे जुने दुखणे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसलो. रजेच्या अर्जावर ‘पोटात दुखत होते’ असे लिहिलेले दिसले की ते चष्म्यावरून पाहत आणि विचारीत, "कोणाच्या पोटात?" वर्ग हसे, अर्ज लिहिणारा मात्र हसत नसे. पुढे डॉक्टर होऊन बऱ्हाणपुरात मी तीसहून अधिक वर्षे व्यवसाय केला, आणि त्या काळात एक दाखला असा लिहिला की, गुरुजींच्या हाती पडता तर त्यांनी मलाही तोच प्रश्न विचारला असता. आजचा विषय त्या दाखल्यामुळेच सुचला, हे आरंभीच सांगतो.

२००८ सालची गोष्ट. या परिसरातील एका केळी बागायतदाराचा मुलगा इंदूरला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होता. दिवाळीला घरी आला तो परत जाईना. झोप नाही, अन्नावर वासना नाही, कोणाशी बोलणे नाही. एका पहाटे घरच्यांना तो मळ्यातल्या विहिरीच्या कठड्यावर बसलेला आढळला. त्याने काही केले नव्हते. नुसता बसला होता. मी त्यांना इंदूरच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे धाडले. अकरा दिवस मुलगा रुग्णालयात होता, पुढे दीड वर्ष औषधे चालली, आणि तो पूर्ण बरा झाला. मधल्या काळात महाविद्यालयाला गैरहजेरीचे कारण द्यायचे होते. वडील माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. "डॉक्टरसाहेब, त्या दवाखान्याचे नाव कागदावर नको. पोराचे लग्न व्हायचे आहे." मी विषमज्वर लिहिला आणि सही केली. अशा वेळी आपण उपकार करीत आहोत असेच डॉक्टरला वाटते.

अकरा वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच मुलाचा मुंबईहून दूरध्वनी आला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील मुलीशी त्याचा विवाह झाला होता, आणि कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी तो तपासणीला गेला होता. वडिलांनी कागदपत्रांत विषमज्वराचा दाखला घालून दिला होता. विचारले तर हाच दाखव, असे बजावले होते. मुलाने तपासणाऱ्या डॉक्टरांपुढे तो दाखला आणि इंदूरच्या रुग्णालयाचा कागद, दोन्ही ठेवले. एकाच महिन्याचे, एकाच मुलाचे, दोन निरनिराळे आजार. डॉक्टरांनी साहजिकच विचारले, यातले खरे कोणते? मुलगा मला म्हणाला, "काका, मी खरे सांगून टाकले आहे. आता तुमचे पत्र हवे." त्याच संध्याकाळी वडीलही आले. त्यांना मी विषमज्वरावर ठाम राहावे असे वाटत होते.

काय झाले ते पुढे सांगतो. त्याआधी, त्या बापाला इतकी भीती का वाटली याचा विचार करू. कारण ती भीती निराधार नव्हती, ती फक्त जुनी होती.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट १८८२ मध्ये, अमेरिकेने कायदा करून वेड्या व मतिमंद माणसांना बंदरावरूनच परत पाठवण्याचे ठरवले होते. १८९२ साली न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर तपासणीचे ठाणे सुरू झाले. तेथे जिना चढून येणाऱ्या माणसांकडे डॉक्टर पाहत उभे असत आणि ज्याच्या बुद्धीविषयी शंका येई त्याच्या अंगरख्यावर खडूने फुली मारीत. दमलेला, भाषा न कळणारा माणूस बावरलेला दिसणारच. पण फुली पडली की त्याला बाजूला काढून पुढली परीक्षा. १९१७ च्या कायद्याने तर आयुष्यात कधीही, एकदाच का होईना, वेडाचा झटका येऊन गेलेल्या माणसाला दार बंद केले. (त्याच कायद्याने हिंदुस्थानातून जाणाऱ्या जवळजवळ सर्वांनाच दार बंद केले होते, त्यामुळे आपल्या लोकांना या कलमाचा वेगळा जाच होण्याचा प्रश्नच उरला नाही!) ‘एकदाच का होईना’ ही अट १९५२ च्या कायद्यातही राहिली. म्हणजे १९६५ नंतर आपले डॉक्टर, इंजिनियर मोठ्या संख्येने जाऊ लागले तेव्हा ती अट पुस्तकात होतीच. घरोघरी जी कुजबुज चालत आली, ‘तिकडे असले काही सांगू नये’, तिचे मूळ येथे असावे असे मला वाटते.

१९९० साली अमेरिकेने हे कलम बदलले, ही गोष्ट मात्र आपल्या घरांपर्यंत पोहोचली नाही. आता नुसता आजार हे नकाराचे कारण नाही. आजार आहे आणि त्यापायी स्वतःला, दुसऱ्याला किंवा मालमत्तेला धोका होईल असे वर्तन घडते आहे, अथवा पूर्वी घडले होते आणि पुन्हा घडण्याचा संभव आहे, असे डॉक्टरांचे मत झाले तरच त्याला ‘अ’ वर्ग मिळतो आणि व्हिसा अडतो. तसे वर्तन नसेल, तर नोंद करण्याजोगा आजारही ‘ब’ वर्गात जातो, आणि ‘ब’ वर्ग केवळ वैद्यकीय कारणावरून व्हिसा अडवीत नाही. विद्यार्थी किंवा पाहुणा म्हणून जाणाऱ्याची सहसा तपासणीही होत नाही. अर्जात एक प्रश्न असतो, आणि तोही धोक्याविषयीचा असतो. समोरचा विचारतो, ‘तुमच्यापासून कोणाला धोका आहे का?’ आणि आपल्या कानांना ऐकू येते, ‘तुम्ही वेडे होता का?’

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया हे देश धोक्याबरोबर खर्चाचाही विचार करतात. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये ही खर्चाची मर्यादा ८६,००० डॉलर ठरवली; कॅनडाने २०१८ मध्ये आपली मर्यादा पूर्वीच्या तिप्पट केली, आणि पतिपत्नी व अवलंबून असलेली मुले यांना कुटुंबाच्या प्रायोजकत्वावर नेताना ही खर्चाची अट तेथे लागूच होत नाही. उदासीनतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा खर्च अशा मर्यादेला पोहोचणे अवघडच. इंग्लंडला दीर्घ मुदतीसाठी जाणाऱ्या आपल्या माणसाला क्षयरोगाची तेवढी तपासणी करावी लागते.

उलट, लपवल्याची शिक्षा पाहा. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितल्याचे ठरले, तर अमेरिकेचे दार जन्मभरासाठी बंद होऊ शकते. सवलत मिळते ती मोजक्यांना. कॅनडात पाच वर्षे, ऑस्ट्रेलियात तीन वर्षे. जो आजार ‘ब’ वर्गात बसून मुकाट्याने पार झाला असता, त्याचा आपण आपल्या हाताने अपराध करून ठेवतो.

सगळे सोपे आहे असे मात्र मी म्हणणार नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या अधिकाऱ्यांना, अर्जदार पुढे सरकारवर भार होईल का हे ठरवताना मधुमेह, हृदयविकार यांच्याबरोबर मानसिक आजारांचाही विचार करण्यास सांगितले. दारे पुन्हा अरुंद होऊ शकतात. पण तेथेही मानसिक आजार मधुमेहाच्या पंक्तीला बसला आहे, आणि मधुमेह कोणी विषमज्वर म्हणून लिहून घेत नाही.

आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात विवाहाच्या अटींमध्ये वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांचा उल्लेख आजही आहे. शेजारी अपस्माराचाही उल्लेख होता, तो १९९९ साली काढला गेला. वेडाविषयीचा १९१२ चा कायदा आपण पाऊणशे वर्षे चालवला. परदेशी वकिलातीत खोटे बोलण्याची तयारी आपल्या पोरांनी तेथल्या रांगेत केलेली नसते. ती स्थळे पाहताना, बैठकीच्या खोलीत, चहापोह्यांबरोबर झालेली असते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये दाखवले की प्रौढांपैकी शंभरात दहाहून अधिक जणांना त्या घडीला काही ना काही मानसिक आजार होता. या सभागृहातील खुर्च्या मोजा आणि हिशेब करा.

आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातील एक गृहस्थ, डॉ. जगन्नाथ वाणी, कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. परदेशातील मराठी समाजात ही गोष्ट झाकण्याचे सर्व मार्ग त्यांना मोकळे होते. त्यांनी ती उघड सांगितली, पुण्यात या आजाराविषयी जागृती करणारी संस्था उभी केली, आणि २००४ साली आलेल्या ‘देवराई’ या चित्रपटामागेही त्यांचे पाठबळ होते. हा चित्रपट येथील पुष्कळांनी पाहिला असेल. त्यामागे खानदेशातून गेलेला एक संसार होता, हे थोड्यांना ठाऊक असते.

आता त्या संध्याकाळकडे येतो. वडिलांना मी बसवले, पाणी दिले, आणि सांगितले की मी पत्र लिहिणार. ते रागावून निघून गेले, उंबरठ्यावर म्हणाले, "तेव्हा लिहिलेत, आता का नाही?" त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. पत्रात मी लिहिले की २००८ चा दाखला मी दिला, तो खरा नव्हता, आणि त्याचा दोष मुलाचा नसून माझा आहे. इंदूरहून उपचारांची सविस्तर नोंद मागवली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आपल्या नोंदी मिळवण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि त्या गुप्त राखल्या जाण्याचाही. मुंबईच्या डॉक्टरांनी विहिरीची हकीकत विचारली. मुलाने तीही सांगितली. त्यांनी त्याला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. दोन बैठका झाल्या. काम दोन महिने रखडले, सुनेकडची मंडळी अस्वस्थ झाली, आणि मलाही त्या दोन महिन्यांत नीट झोप लागली नाही. वर्ग ‘ब’ मिळाला. व्हिसा आला.

वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी केळीचा घड घेऊन आले, इकडचे तिकडचे बोलले, आणि जाताना खिशातून घडी केलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. विषमज्वराचा दाखला होता. तो मी फाडलेला नाही. गुरुजींच्या छायाचित्राजवळच्या खणात आहे.