सवडीची नोकरी आणि ज्याचा त्याचा स्वभाव



ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर शिकलेली मुले-मुली आज समोर बसली आहेत. त्यांतली पुष्कळशी नोकरीच्या शोधात आहेत. जाहिरात वाचताना त्यांची नजर हल्ली पगाराच्याही आधी एका ओळीवर जाते: ‘वेळ सवडीप्रमाणे, घरूनही काम करता येईल.’ बेळगावातले बिऱ्हाड न हलविता पुण्याच्या कंपनीत नोकरी! मोह पडणारच. पण मोह पडणे निराळे आणि मानवणे निराळे.

कल्पना तशी जुनी आहे. १९६७ साली जर्मनीत म्यूनिकजवळच्या ओटोब्रुन येथील विमान-कारखान्यात येण्याजाण्याची वेळ नोकरांच्या मर्जीवर सोडण्यात आली. मधले तास तेवढे सर्वांना बंधनकारक होते. कारण अगदी साधे: एकाच वेळी रस्त्यावर होणारी गाड्यांची गर्दी.

स्वभावाचा प्रश्न पुढे आला. क्रिस्टेना निपर्ट-एंग या अमेरिकन विदुषीने १९९६ च्या आपल्या ग्रंथात लोकांच्या किल्ल्या तपासल्या आहेत. कोणी घराच्या व कचेरीच्या किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवतो, कोणी वेगळ्या. पहिल्याला दोन्ही कामे कालवलेली चालतात. दुसऱ्याला मध्ये भिंत लागते. (आम्हा शिक्षकांचे ठीक आहे, आमची भिंत शाळेची घंटाच बांधते. वह्या मात्र भिंत ओलांडून घरी येतात.)

आता शांघायचा प्रयोग पाहा. सी-ट्रिप या प्रवासी कंपनीत २०१० च्या अखेरीस, टेलिफोनवर काम करणाऱ्यांपैकी घरून काम करण्यास जे राजी होते, त्यांतील सम जन्मतारखेचे घरी बसविले, विषम तारखेचे कचेरीत ठेवले. नऊ महिन्यांत घरच्यांचे काम १३ टक्के वाढले. नोकरी सोडणारेही निम्म्याने घटले. मालक खूष झाले. पण पुढे निवड ज्याच्या त्याच्यावर सोपविताच घरच्यांपैकी जवळजवळ निम्मे कचेरीत परतले! हे सारे हौसेने गेलेले होते, हे ध्यानी घ्या. एकटेपणा सोसवेना, शिवाय कामाच्या मानाने बढती कमी मिळे.

तेव्हा मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारा: वेळ कोणाच्या सवडीची, माझी की तुमची? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसले, की मालक आयत्या वेळी वेळापत्रक ठरविणार असेल तर ते टाळण्यासाठी उमेदवार सरासरी २० टक्के पगार सोडावयास तयार होते. स्वतः वेळ ठरविण्याच्या मोकळिकीसाठी मात्र बहुतेकांनी काहीच किंमत मोजली नसती.

मुलींना ही मोकळीक अधिक मोलाची, हे मी जाणतो. आपल्याकडे २०१७ च्या कायदा-दुरुस्तीने प्रसूतिरजेनंतर, काम तशा प्रकारचे असल्यास, मालकाच्या संमतीने घरून काम करण्याची सोय ठेवली. परंतु दोन खोल्यांत सहा माणसे असली, तर भिंत लागणाऱ्या स्वभावाच्या मुलीने ती घालावी कोठे? आपल्या वाचनालयाची खोली दुपारी बारा ते पाच रिकामी असते. चार टेबले, वीज आणि कुलपाची एक किल्ली एवढी व्यवस्था या वर्षी होईल का, हे विश्वस्तांनी पाहावे, अशी माझी विनंती आहे.