स्वरांचे दप्तर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गुरुग्राम येथे, संगीतसभेच्या आदल्या दिवशी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उद्याच्या सभेत जो सिंथेसायझर वाजणार आहे, त्याविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारिणीने मला केली आहे. मी पदवीने बी. ए.; यंत्रविद्येत मला गती नाही. तथापि केंद्र शासनाच्या सेवेत तीस वर्षे नस्त्या हाताळल्या असल्यामुळे, जो कागद कोठे ठेवला हे कोणास ठाऊक नाही तो असून नसल्यासारखाच, एवढे मी अधिकाराने सांगू शकतो. या वाद्याचा प्रश्न नेमका तोच आहे.

सिंथेसायझरमधील एकेका तयार आवाजास ‘पॅच’ म्हणतात; आपले वादक त्यालाच ‘टोन’ म्हणतात. हा शब्द मूळचा तारांच्या जोडणीचा. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर आणून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. त्या यंत्रात आवाज घडवायचा म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागात तारा खोचावयाच्या. तारा उपसल्या की आवाज गेला! तोच पुन्हा हवा असेल तर जोडणीचा नकाशा कागदावर काढून ठेवणे एवढाच उपाय. १९७८ च्या ‘प्रॉफेट-५’ या यंत्राने ४० आवाज स्वतःच्या स्मृतीत ठेवून दाखविले. १९८३ साली यामाहाचा ‘डीएक्स-७’ आला. त्यात ३२ आवाजांची सोय होती आणि प्रत्येकाच्या नावाला दहा अक्षरांची जागा. तारा गेल्या, शब्द तेवढा राहिला.

त्या ३२ आवाजांचा संपूर्ण संच बाहेर काढला तर तो अवघा ४१०४ बाइटांचा भरतो. मराठी मजकुराचे एक छापील पानही त्यात जेमतेम मावेल. याचे कारण असे की तेथे आवाज साठविलेला नसतोच. असते ती केवळ त्याची कृती. पुरणपोळीची कृती पाकिटात घालून पाठविता येते, पोळी येत नाही. आणि समोरच्या घरी पुरणयंत्र नसेल तर ती कृतीही निरुपयोगी. पुढच्या पिढीच्या यंत्रांत खऱ्या वाद्यांची ध्वनिमुद्रणे भरलेली असतात आणि पॅच त्यांच्याकडे बोट दाखवितो. ते मुद्रण दुसऱ्या यंत्रात नसेल, तर पॅच सुखरूप पोहोचूनही यंत्र गप्प बसते, किंवा भलतेच बोलते. एका कंपनीचा टोन दुसरीच्या कीबोर्डात का चालत नाही, असे आपली तरुण मंडळी विचारतात, त्याचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

१९९१ साली निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांसाठी १२८ आवाजांची एक सामाईक यादी ठरली. तिच्यात सतार १०५ वी आणि सनई ११२ वी आहे. आपल्या पेटीला मात्र स्वतंत्र क्रमांक नाही. २१ व्या क्रमांकाच्या रीड ऑर्गनवर तिची तहान भागवावी लागते. (पेटीला ही उपेक्षा नवी नव्हे, १९४० साली तिला नभोवाणीवरही बंदी झाली होती.) तबला, ढोलकी, संबळ यांचा तर यादीत पत्ताच नाही. पुढे जपानी कंपन्यांनी भारतासाठी तबला-पेटी असलेले कीबोर्ड काढले, हे खरे; परंतु गोंधळाचे संबळ कोणी आयते आणून देईल, या आशेवर आपण बसू नये.

आपल्या मंडळात ही आशा न धरणारे एक ज्येष्ठ सभासद होते. मूळचे सोलापूरकडचे. तुळजापूरला एका गोंधळ्याचे संबळ त्यांनी कॅसेटवर मुद्रित केले, आणि त्यातला एकेक ठोका वेगळा करून आपल्या कीबोर्डात भरला. कित्येक वर्षे आपल्या गणेशोत्सवात जे संबळ वाजले ते हेच. पाच वर्षांपूर्वी ते निवर्तले आणि त्यांच्या कुटुंबीयांनी कीबोर्ड व फ्लॉपींची पेटी मंडळाच्या स्वाधीन केली. कीबोर्डाची स्मृती ज्या लहानशा बॅटरीवर जगत होती ती तोवर संपली होती. आतले सारे पुसले गेले होते. फ्लॉपींवर नावे होती ती ‘नवा १’, ‘नवा २’, ‘फायनल’, ‘फायनल जुना’. कित्येक उघडल्याच नाहीत. संबळ अखेरीस सापडले ते ‘टेस्ट ३’ या नावाखाली! कॅसेट तर कोठेच मिळाली नाही. ती एक फ्लॉपी खराब निघती तर तो हात, ते कातडे, तो ठोका आपल्याला कायमचा अंतरला असता.

त्यानंतर महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या दोन मुलींनी आणि मी दप्तर लावावयास घेतले. तांत्रिक भाग त्यांचा, नोंदवही माझी. प्रत्येक आवाजाला त्याचे खरे नाव दिले. वाद्यांच्या जातीनुसार मांडणी करण्याचा मोह सोडून कार्यक्रमानुसार मांडणी केली: आरती, भजन, नाट्यगीत, गोंधळ. वादकाला रंगमंचावर जाती आठवत नाहीत, पुढचे पद आठवते. संपूर्ण संच ‘लोड’ केला की त्या जागांवरचे जुने आवाज विचारपूस न करता नाहीसे होतात, म्हणून आधीचे उतरवून घेतल्याखेरीज नवे भरावयाचे नाही, असा नियम केला. दुसरा नियम असा की, एकदा दिलेला क्रमांक बदलावयाचा नाही. संगणकात बांधून ठेवलेले गाणे आवाजाला नावाने हाक मारीत नाही, क्रमांकाने मारते. त्या जागी आपण दुसरा आवाज बसविला तर तोच उठून उभा राहतो.

क्रमांकांचीही एक गंमत आहे. काही यंत्रे एकपासून मोजतात, काही शून्यापासून. शून्यापासून मोजणाऱ्या यंत्रास ११२ सांगितले तर सनईऐवजी किणकिणती घंटा वाजते. आरतीत ते खपून जाईल. लग्नात खपणार नाही.

आज नोंदवहीत ६४ जागा आखल्या असून ५५ भरल्या आहेत. संच दोन पेन ड्राइव्हवर आहे, एक कार्यालयाच्या कपाटात व एक कोषाध्यक्षांच्या घरी. मूळ ध्वनिमुद्रणे निराळी ठेवली आहेत, कारण कीबोर्ड उद्या बदलेल आणि मग कृती पुन्हा लिहावी लागेल. उरलेल्या नऊ जागांपैकी एक तुणतुण्यासाठी राखली आहे. ज्यांच्या घरी वाजते तुणतुणे असेल त्यांनी ते येत्या रविवारी सकाळी मंडळात घेऊन यावे. वाजविणारा माणूसही सोबत आणावा.