यादीतलं इंग्रजी, संगतीतलं इंग्रजी



‘आपल्या इंग्रजीवर बोल’ असं समितीने सांगितलं, तेव्हा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आठवली. पुठ्ठा सुटलेली, आजोबांच्या वेळची. मराठी वाक्य घ्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं. व्याकरण पक्कं झालं ते त्यामुळे आणि सर, तुमच्या लाल शाईमुळे.

पण ऑफिसातलं इंग्रजी वेगळंच निघालं. चहा विचारल्यावर समोरचा ‘आय ॲम गुड’ म्हणतो, तो स्वतःचा चांगुलपणा सांगत नसतो. त्याला चहा नको असतो. ‘लेट्स कॉल इट अ डे’ म्हणजे आवरा, घरी चला. परीक्षेसाठी घोकलेलं ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ मात्र लंडनच्या सहकाऱ्यांकडून मी अजून ऐकलेलं नाही, आणि तिथे पाऊस काही कमी नाही!

आपण रोज ज्या प्रार्थना समाजच्या नाक्यावरून शाळेत यायचो, तो समाज १८६७ साली स्थापन करणाऱ्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर होते. १८७८ मध्ये विलायतेला जाण्याआधी सतरा वर्षांचे रवींद्रनाथ टागोर मुंबईत त्यांच्या घरी राहिले, इंग्रजी बोलण्याची सवय व्हावी म्हणून. शिकवायला होती त्यांची मुलगी अन्नपूर्णा, इंग्लंडला राहून आलेली. टागोरांच्या घरी पुस्तकांना काय तोटा? तरी मुलाला माणसांत ठेवावं लागलं.

वाक्प्रचार असेच संगतीने येतात. कोण, कुणाला, कुठल्या सुरात म्हणतो ते ऐकावं लागतं. ब्रिटिश माणूस विषय ‘टेबल’ करतो म्हणजे चर्चेला घेतो. अमेरिकन ‘टेबल’ करतो म्हणजे बाजूला ठेवतो. यादीत हे कळत नाही. मराठी शिकलेला एखादा पाहुणा शोकसभेत ‘वाट लागली’ म्हणाला तर? अर्थ बरोबर, जागा चुकली.

बाई मघाशी सांगत होत्या, आताची मुलं पेपरात छान लिहितात, पण कॉलेजच्या मुलाखतीत गप्प बसतात. हे मला लागलं. त्यांना आणखी एक पुस्तक भेट देऊन हे सुटणार नाही. दादर-परळच्या आपल्या चौघांनी महिन्याचा दुसरा शनिवार द्यायचं कबूल केलंय. दहावीचा वर्ग, तासभर इंग्रजीत गप्पा: क्रिकेट, गणपती, लोकलची गर्दी, काहीही. वही नको, मार्क नकोत. अजून सहा जण हवेत. नावं दाराजवळच्या टेबलावर द्या. ते टेबल साधं लाकडीच आहे.