ऐकलेला आकडा

आकाश मोकळं असतं, असं आम्ही कवी सर्रास लिहितो. पण रात्री जालन्यावरून सरकत जाणारा विमानाचा दिवा पाहा. त्याने किती फुटांवरून जायचं, हे जमिनीवरच्या नियंत्रकाने ठरवून दिलेलं असतं. वैमानिकाने तो आकडा रेडिओवर परत म्हणून दाखवायचा आणि पाळायचा.

तो न पाळल्याची किंमत आपल्या सह्याद्रीने पाहिली आहे. जुलै १९६२ मध्ये, पावसाळ्यातल्या एका रात्री, मुंबईला येणाऱ्या इटालियन विमानाच्या चालकांना शहर जवळ आल्यासारखं वाटलं. सुरक्षित उंचीची मर्यादा ओलांडून ते खाली आले. मुंबई अजून ऐंशीएक किलोमीटर दूर होती. विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं आणि ९४ माणसं गेली.

मला मात्र जास्त अस्वस्थ करते ती हरियाणातल्या चरखी दादरीवरची टक्कर. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला १४ हजार फूट दिले होते, समोरून उतरणाऱ्या कझाक विमानाला १५ हजार. मध्ये हजार फुटांची भिंत, तीही नुसत्या शब्दांची! कझाक विमानात नियंत्रकाशी बोलायचा तो रेडिओवाला. त्याने आकडा बरोबर परत म्हटला. पण विमान त्याच्या हातात नव्हतं. ज्यांच्या हातात होतं त्यांचं इंग्रजी कच्चं, आणि रेडिओवाल्यासमोर उंची दाखवणारी स्वतःची तबकडी नाही. विमान १५ हजारांखाली घसरत राहिलं. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर उंची दिसत नसे, त्यामुळे नियंत्रकालाही ते कळलं नाही. ३४९ जण मरण पावले, कुणीही वाचलं नाही.

सौदी विमानात रोजगारासाठी निघालेले आपले कितीतरी लोक होते. मराठवाड्यातूनही माणसं आखातात जातात. घर चालवायला निघालेल्या माणसाचा जीव त्याने कधी न ऐकलेल्या एका आकड्यावर टांगलेला असतो.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत मूळ दोष नेमून दिलेली उंची सोडणाऱ्या कझाक विमानाचा ठरला. त्यानंतर दिल्लीत येण्याचे आणि जाण्याचे हवाई रस्ते वेगळे झाले. समोरचं विमान जवळ आलं की इशारा देणारं यंत्र भारतात सक्तीचं झालं. ते यंत्र आता चालकालाच थेट सांगतं, वर चढ किंवा खाली उतर. मध्ये निरोप्या नाही.