चौथीच्या बाईंचं मत

विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 शिक्षकांच्या. मुंबईच्या जागेवर 2006पासून 2024पर्यंत कपिल पाटील होते. तिथे मी अपक्ष अर्ज भरला, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘चिन्ह काय गं तुझं?’ मतपत्रिकेवर चिन्हच नसतं, काकू! नावापुढे 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहायचा, तोही केंद्रावर दिलेल्याच पेनने.

प्रचार म्हणजे मधली सुट्टी. सकाळी गिरगाव, दुपारी परळ. शिक्षकांच्या खोलीत दहा मिनिटं मिळायची, वह्या तपासणं चालूच.

खरी डोकेदुखी यादीची. ती दर निवडणुकीला नव्याने होते, मागचं नाव चालत नाही. गेल्या सहा वर्षांत निदान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेलं हवं. लालबागला चौथीच्या बाई म्हणाल्या, ‘मला मत नाही, पण बसा, चहा घ्या.’ वरच्या मजल्यावरच्या नववीच्या सरांना मत आहे, पाया घालणाऱ्या बाईंना नाही. उमेदवार मात्र शिक्षक नसला तरी चालतो! हे मला आजही पटत नाही.

मोजणीत मी लवकर बाद झाले. माझी मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे इतरांकडे गेली. ज्यांनी नुसता 1 लिहिला होता, त्यांची तिथेच थांबली.