तारकापुंज आणि आपला धर्मग्राम
(ज्युबिलीनिमित्त केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी आम्ही आपणांस क्षणभर आकाशाकडे नेऊ इच्छितो. नाताळाच्या दिवसांत रात्री 9-10 च्या सुमारास शहापूर-मुरबाडच्या कोणत्याही पाड्यावरून माथ्यावर पाहावे; कृत्तिकांचा इवलासा घोस दिसतो. ईयोबाच्या ग्रंथातही त्यांचा उल्लेख आहे. नुसत्या डोळ्यांस तेथे सहा-सात तारे दिसतात. दुर्बिणीतून ते हजारावर भरतात. ही सारी भावंडे सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी एकाच मेघातून जन्मली.

हा जन्म होतो कसा? ज्या मृगाच्या नावाने आपण पावसाची वाट पाहतो, त्याच मृगातील बाणाच्या खाली एक धूसर ठिपका आहे. ती वायूची व धुळीची अभ्रिका होय. असा मेघ स्वतःच्याच भाराने आकसतो, त्याचे तुकडे होतात आणि त्यांतून तारे पेटतात. तेथील बालतारे अवघे 10 ते 30 लक्ष वर्षांचे आहेत. माळशेज घाट चढून जुन्नरकडे गेल्यास खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 थाळ्यांची रेडिओ-दुर्बीण आहे. ताऱ्यांचे मूळ द्रव्य जो हायड्रोजन वायू, त्याचा वेध ती घेते.

पुढे कसोटी येते. थोर, तप्त तारे आपल्या प्रखर तेजाने उरलेला वायू उधळून लावतात. त्या वायूच्याच भाराने भावंडे एकत्र बांधलेली असतात. तो पाळणा नाहीसा झाला की बहुतेक पुंज विखुरतात. जेथे तारे दाटीने जन्मले व वायूचा मोठा अंश ताऱ्यांत उतरला, तेच पुंज परस्परांच्या आकर्षणावर टिकतात. रोहिणीभोवती दिसणारा पुंज 60 कोटींहून अधिक वर्षे असाच टिकला आहे.

आपल्या धर्मग्रामाचाही पाळणा आता सुटला आहे. मुले नोकरीसाठी कल्याणास, ठाण्यास, मुंबईस जातात. मिस्सेच्या वेळी बाके रिकामी दिसतात, अशी खंत वडीलधारी मंडळी आम्हांपाशी करतात. खंत खरी आहे. परंतु विखुरणे म्हणजे विझणे नव्हे. आपला सूर्यही अशाच पुंजात जन्मला असावा, असे ज्योतिर्विद मानतात. त्याची भावंडे केव्हाच पांगली, तरी त्याच्या उन्हात आपले भात पिकते. राबातील रोपांची आवणी केली नाही, तर लोंबीही नीट भरत नाही. मात्र ते रोप राबातच सशक्त झालेले असावे लागते.

म्हणून घरोघरी सायंप्रार्थना चालू ठेवा, मुलांस धर्मशिक्षण द्या, आणि जे मागे राहिले त्यांनी एकमेकांची विचारपूस सोडू नये. जाणाऱ्यांस व राहणाऱ्यांस परमेश्वर आपल्या कृपेत राखो. आमेन.