कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि धर्मांतरितांचे हक्क



नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली कुटुंबे वकिलाला एक प्रश्न हटकून विचारतात : दाखल्यावर 'बौद्ध' असे लिहिले तर मुलांच्या सवलती जातील काय? आज याचे उत्तर 'नाही' असे आहे. परंतु ते मिळण्यास १९५६ नंतर चौतीस वर्षे लागली. त्यासाठी दिल्लीत ज्यांनी प्रथम आवाज उठविला, त्यांत नाशिक जिल्ह्यातील एक खेडूत पुढारी अग्रभागी होता.

भाऊराव कृष्णराव तथा दादासाहेब गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. विश्वविद्यालयाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा परमपूज्य बाबासाहेबांनी त्याची धुरा त्यांच्यावर सोपविली. पुढे १९३४ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी त्यांनाच पत्राने कळविले की, मूर्तिपूजक होणे हे आपले साध्य नव्हे. शक्ती राजकारण व शिक्षण यांकडे वळवावी. १३ ऑक्टोबर १९३५ ची धर्मांतराची घोषणा त्याच जिल्ह्यात, येवले येथे झाली. १९३७ साली दादासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून आले आणि १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाशिकहून लोकसभेत गेले.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपूर येथे रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, आणि अल्पावधीतच त्यात दुफळी माजली. आमच्या वकीलवर्गातील पुष्कळांचे म्हणणे असे की, संविधान अस्तित्वात आल्यावर सत्याग्रहाचे प्रयोजन उरत नाही. गाऱ्हाणी सभागृहात व न्यायालयात मांडावीत. लोक या दोन पक्षांस 'सुटबूटवाले' आणि 'धोतरवाले' असे थट्टेने म्हणत. या वादात वकिलांचा युक्तिवाद चुकला, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याने कोणत्या न्यायालयात जावे? पडीक जमीन भूमिहीनांस द्यावी यासाठी दादासाहेबांनी १९५९ साली खानदेश-मराठवाड्यात सत्याग्रह केला. ते त्या वेळी लोकसभेचे सभासद होते, हे विसरता कामा नये. सभागृहात भाषण करणारा मनुष्यच बांधावरच्या मजुराबरोबर तुरुंगाची तयारी ठेवून उभा होता.

आता कायद्याकडे वळू. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती, काही शीख जाती वगळता, अनुसूचित जातीची समजली जात नसे. १९५६ साली सर्व शीख अनुसूचित जातींना मान्यता मिळाली. त्याच वर्षी नागपूरला दीक्षा घेतलेल्या बौद्धांना मात्र नाही. जातीचा जाच दीक्षेने संपला नव्हता, संरक्षण तेवढे संपले! महाराष्ट्र राज्याने आपल्या अधिकारातील सवलती बौद्धांना दिल्या, परंतु केंद्राची दारे बंदच राहिली.

दादासाहेब १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते. १ ऑक्टोबर १९६४ रोजी पक्षाचा मोर्चा संसदेवर गेला व पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांचे निवेदन देण्यात आले. त्यात भूमिहीनांस जमीन, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती, या मागण्या होत्या. ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह होऊन लाखो लोकांनी तुरुंगवास पत्करला. १९६७ साली त्यांनी काँग्रेसशी केलेला समझोता अनेकांना रुचला नाही. मलाही तो पक्षाला दुर्बल करणारा वाटतो. तथापि त्यामुळे १९६४ चे कार्य पुसले जात नाही.

२९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेबांचे निधन झाले. तैलचित्र १२ एप्रिल १९९० रोजी लागले. त्याच वर्षी संसदेने आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला. म्हणून दाखल्यावर धर्म 'बौद्ध' असाच नि:शंकपणे लिहावा, आणि जातीच्या प्रमाणपत्रासाठी मूळ जातीचे जुने पुरावे जपून ठेवावेत. भूमिहीनांच्या जमिनीची मागणी त्या वर्षीही पुरी झाली नव्हती.